राजा गेला, राष्ट्रपती आला : भारतीय प्रजासत्ताकाने पहिला राष्ट्रपती कसा निवडला?

दरवर्षी 26 जानेवारीला कारंजा (घाडगे) येथे तहसील कार्यालयापासून गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांपर्यंत झेंडावंदन होते. संविधानाची उद्देशिका वाचली जाते. बुद्धविहारात बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला जातो. पण 'प्रजासत्ताक म्हणजे नेमके काय?' असे एखाद्या बारावीच्या मुलाने विचारले, तर आपले उत्तर 'त्या दिवशी संविधान लागू झाले' इथेच थांबते. हे उत्तर चूक नाही, पण अर्धे आहे. त्या दिवशी या देशाचा राजा गेला आणि त्याच्या जागी निवडून दिलेला, ठरावीक मुदतीचा, पदावरून काढता येणारा राष्ट्रप्रमुख आला. तो कसा निवडला गेला, त्याला किती अधिकार दिले गेले आणि पहिल्याच राष्ट्रपतीच्या काळात या रचनेची कसोटी कशी लागली, हे आपल्या युवा कार्यकर्त्यांना माहीत असायला हवे. या रचनेवर मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा हात फिरलेला आहे.

1950 पूर्वी आपण कोणाची प्रजा होतो?

15 ऑगस्ट 1947 ला स्वातंत्र्य मिळाले, पण राजा लगेच गेला नाही. इंग्लंडचा सहावा जॉर्ज हाच 25 जानेवारी 1950 पर्यंत भारताचा कायदेशीर राजा होता. त्याच्या नावाने गव्हर्नर जनरल काम पाहत असे. आधी लॉर्ड माउंटबॅटन होते आणि जून 1948 पासून चक्रवर्ती राजगोपालाचारी. 'हिंदुस्थानचा सम्राट' ही पदवी राजाने 22 जून 1948 ला सोडली, तरी राजेपद कायम होते. खिशातल्या नाण्यावरही त्याचेच डोके होते.

आपल्या भागाची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी 1854 मध्ये खालसा केले. वर्धा जिल्हा 1862 मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. म्हणजे कारंजा परिसर थेट ब्रिटिश अमलाखाली होता. पण वर्धा नदी ओलांडून पलीकडे गेले की वऱ्हाड लागे. तिथे कागदोपत्री सार्वभौम सत्ता हैदराबादच्या निजामाची होती. 1902 च्या करारान्वये तो मुलूख इंग्रजांनी कायमच्या पट्ट्याने घेतला होता. नदीच्या अलीकडे इंग्लंडचा राजा, पलीकडे कागदावर निजाम आणि दोन्ही तीरांवरचा अस्पृश्य मात्र तोच, त्याच वेशीबाहेरचा.

दक्षिण महाराष्ट्रातली बहुतेक लहान संस्थाने मार्च 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूर 1 मार्च 1949 ला विलीन झाले. हैदराबादेत सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई झाली. तरीही निजाम पूर्णपणे बाजूला झाला नाही. प्रजासत्ताक आल्यावरही 1956 पर्यंत तो हैदराबाद राज्याचा 'राजप्रमुख' म्हणून राहिला. संस्थानिकांचे तनखे तर 1971 च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने बंद झाले. राजेशाही एका दिवसात घोषणेने गेली, पण तिचे अवशेष निघायला दोन दशके लागली.

24 जानेवारी 1950 : एकच अर्ज

संविधान 26 नोव्हेंबर 1949 ला स्वीकृत झाले. ते 26 जानेवारीपासून पूर्णपणे अमलात यायचे होते. पण संसद व विधानसभांच्या सार्वत्रिक निवडणुका अजून झालेल्या नव्हत्या. मग राष्ट्रपती निवडायचा कोणी? त्यासाठी संविधानातच कलम 380 ची तात्पुरती सोय होती : पहिल्या निवडणुका होईपर्यंत संविधान सभेने निवडलेली व्यक्ती राष्ट्रपती असेल.

त्यानुसार 24 जानेवारी 1950 ला संविधान सभेची बैठक झाली. सभेचे सचिव एच. व्ही. आर. अय्यंगार यांनी निवडणूक अधिकारी म्हणून जाहीर केले की, एकच उमेदवारी अर्ज आला आहे. नाव डॉ. राजेंद्र प्रसाद, सूचक पंडित जवाहरलाल नेहरू, अनुमोदक सरदार वल्लभभाई पटेल. निवड बिनविरोध झाली. त्याच दिवशी सदस्यांनी संविधानाच्या प्रतींवर सह्या केल्या.

बिनविरोध याचा अर्थ मतभेद नव्हते असा नाही. नेहरूंची पसंती राजगोपालाचारींना होती. पटेल आणि काँग्रेसमधील अनेक सदस्य राजेंद्र प्रसाद यांच्या बाजूने होते. हा वाद पक्षाच्या आतच मिटला आणि सभेसमोर एकच नाव आले.

दुसरी गोष्टही ध्यानात ठेवावी. ही निवड करणारी संविधान सभा प्रौढ मताधिकाराने निवडलेली नव्हती. 1946 मध्ये प्रांतिक विधिमंडळांनी तिचे सदस्य निवडले. ती विधिमंडळे 1935 च्या कायद्याखाली, मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटींवर मर्यादित मताधिकाराने निवडलेली होती. कारंजाच्या शिवारात राबणाऱ्या बहुतेक मजुरांना त्या निवडणुकीत मतच नव्हते. पहिल्या राष्ट्रपतीच्या पहिल्या निवडीत आपल्या आजोबा-पणजोबांचा वाटा जवळपास शून्य होता, हे सत्य आहे. पण त्याच सभेने, त्याच संविधानाने प्रत्येक प्रौढाला मत दिले, हेही तितकेच सत्य आहे.

26 जानेवारीला सकाळी 10 वाजून 18 मिनिटांनी दिल्लीच्या गव्हर्नमेंट हाउसच्या दरबार हॉलमध्ये राजगोपालाचारींनी प्रजासत्ताकाची घोषणा वाचली. सहा मिनिटांनी सरन्यायाधीश हरिलाल कानिया यांनी राजेंद्र प्रसाद यांना शपथ दिली. त्याच दिवशी मध्य प्रांत व वऱ्हाड हे नाव जाऊन 'मध्य प्रदेश' झाले आणि नागपूर ही त्याची राजधानी राहिली. म्हणजे पहिल्या राष्ट्रपतीच्या शपथविधीच्या दिवशी कारंजा महाराष्ट्रात नव्हते, मध्य प्रदेशात होते. 1 नोव्हेंबर 1956 ला वर्धा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात.

बाबासाहेबांनी घडवलेली खुर्ची

राजाच्या सिंहासनावर दुसरा माणूस बसवला म्हणजे प्रजासत्ताक होत नाही. त्यासाठी सिंहासन मोडून वेगळी खुर्ची घडवावी लागते. 4 नोव्हेंबर 1948 ला मसुदा मांडताना बाबासाहेबांनी राष्ट्रपतीचे स्थान स्वच्छ सांगितले : तो राज्याचा प्रमुख आहे, कारभाराचा प्रमुख नाही. तो राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतो, राष्ट्रावर राज्य करत नाही. सर्वसाधारणपणे तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेला असेल.

या खुर्चीला बांधणारे दोर संविधानात असे आहेत :

• मुदत : पाच वर्षे (कलम 56). राजा मरेपर्यंत राजा असतो, राष्ट्रपती नाही.

• पात्रता : भारताचा नागरिक, वय 35 पूर्ण, लोकसभेवर निवडून येण्यास पात्र (कलम 58). कुळ, जात, धर्म, लिंग यांचा उल्लेख नाही.

• शपथ : संविधानाचे जतन, संरक्षण व बचाव करण्याची आणि जनतेच्या सेवेची (कलम 60). मंत्री संविधानावर निष्ठा ठेवण्याची शपथ घेतो. राष्ट्रपती ते राखण्याची घेतो.

• महाभियोग : संविधानाचा भंग केल्यास संसद त्याला पदावरून काढू शकते. दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या किमान दोन-तृतीयांश बहुमत लागते (कलम 61).

• निवड : संसदेचे आणि राज्य विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मत देतात (कलम 54). नामनिर्देशित सदस्यांना मत नाही.

हा शेवटचा मुद्दा संविधान सभेत सहज मान्य झाला नाही. अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी डिसेंबर 1948 मध्ये राष्ट्रपती थेट जनतेने निवडावा अशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. मतदारसंख्या प्रचंड आहे, तेवढी यंत्रणा उभारणे अवघड आहे आणि ज्या पदाला स्वतःची सत्ताच नाही त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. आणखी एक धोका आपण स्वतः समजून घ्यावा. कोट्यवधी मते थेट घेतलेला राष्ट्रपती 'जनतेने मला निवडले' म्हणत पंतप्रधानाच्या आणि संसदेच्या डोक्यावर बसू शकतो. मग निवडून दिलेला राजाच तयार होतो.

1952 : पहिली खरी लढत

पहिल्या सार्वत्रिक निवडणुका 1951-52 मध्ये झाल्या. आता प्रत्येक प्रौढाला मत होते. त्यातून आलेल्या आमदार-खासदारांनी 2 मे 1952 ला राष्ट्रपती निवडला. उमेदवार पाच होते. राजेंद्र प्रसाद यांना 5,07,400 मतमूल्य मिळाले. के. टी. शहा यांना 92,827, लक्ष्मण गणेश थत्ते यांना 2,672, चौधरी हरी राम यांना 1,954 आणि कृष्णकुमार चॅटर्जी यांना 533.

ज्या शहांची थेट निवडणुकीची सूचना फेटाळली गेली होती, तेच शहा अप्रत्यक्ष निवडणुकीत उभे राहिले आणि हरले. सभेत हरलेला माणूस रुसून घरी बसला नाही, नियम मान्य करून मैदानात उतरला. प्रजासत्ताकाची सवय अशीच लागते.

पहिली कसोटी : हिंदू कोड बिल

कागदावरची रचना चांगली असली तरी पहिला माणूस ती कशी वापरतो यावर परंपरा ठरते. ती वेळ लवकरच आली, आणि तीही बाबासाहेबांच्या विधेयकावरून.

सप्टेंबर 1951 मध्ये कायदामंत्री डॉ. आंबेडकर यांचे हिंदू कोड बिल हंगामी संसदेत होते. स्त्रीला वारसाहक्क, घटस्फोट, एकपत्नीत्व हे त्याचे गाभ्याचे विषय. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांचा विधेयकाला विरोध होता. त्यांनी नेहरूंना कळवले की, ही संसद प्रौढ मताधिकाराने निवडलेली नाही, तिने एवढा दूरगामी कायदा करू नये. विधेयक संमत होऊन आले तर संमती देताना आपण स्वतःच्या विवेकाने निर्णय घेऊ, असेही त्यांनी सुचवले.

युक्तिवाद वरवर लोकशाहीचा वाटतो. पण हीच हंगामी संसद म्हणजे आधीची संविधान सभा होती आणि तिनेच राजेंद्र प्रसाद यांना राष्ट्रपतिपदावर बसवले होते. त्या सभेला राष्ट्रपती निवडण्याचा अधिकार होता, तर कायदा करण्याचा का नसावा?

नेहरूंनी महान्यायवादी एम. सी. सेटलवाड आणि घटनातज्ज्ञ अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचे मत घेतले. दोघांचेही म्हणणे होते की, राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेला आहे. राष्ट्रपतींनी पुढे ताणले नाही. पण विधेयक सरकारनेच मागे ठेवले आणि 27 सप्टेंबर 1951 ला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याची कारणे अनेक होती, हिंदू कोड बिल त्यातले मोठे.

पुढे 1955-56 मध्ये हेच विषय वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने संमत झाले, तेव्हा त्यांवर सही राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांचीच झाली. 1955 चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यामुळे हा इतिहास आपल्या घरच्या विवाह नोंदणीपर्यंत पोचतो. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपतीवरचे सल्ल्याचे बंधन स्पष्ट लिहिले गेले. 1978 च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली.

त्या मुभेचा योग्य वापर कसा करावा हे के. आर. नारायणन यांनी दाखवले. 1997 मध्ये निवडून आलेले ते पहिले दलित राष्ट्रपती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस त्यांनी फेरविचारासाठी परत पाठवली आणि सरकारने ती सोडून दिली. अधिकार तेवढाच होता, पण तो संविधान राखण्यासाठी वापरला गेला.

शेजारी नेपाळ : लुंबिनीच्या देशातली निवड

तथागतांचे जन्मस्थान लुंबिनी ज्या देशात आहे, त्या नेपाळनेही आपल्या डोळ्यांदेखत हाच प्रवास केला. 28 मे 2008 ला तिथल्या संविधान सभेने 560 विरुद्ध 4 मतांनी राजेशाही संपवली. राजा ज्ञानेंद्र यांनी जूनमध्ये नारायणहिटी राजवाडा सोडला. जुलैमध्ये संविधान सभेनेच राष्ट्रपती निवडला. पहिल्या फेरीत कोणालाच बहुमत मिळाले नाही. 21 जुलैच्या दुसऱ्या फेरीत नेपाळी काँग्रेसचे डॉ. रामबरन यादव यांनी माओवाद्यांचा पाठिंबा असलेल्या रामराजा प्रसाद सिंह यांचा 308 विरुद्ध 282 असा पराभव केला. डोंगरी उच्चवर्णीयांच्या वर्चस्वाच्या देशात मधेशातला माणूस पहिला राष्ट्रपती झाला.

तिथेही कसोटी लगेच लागली. मे 2009 मध्ये पंतप्रधान प्रचंड यांनी लष्करप्रमुखाला काढले. राष्ट्रपती यादव यांनी त्याला पदावर राहण्यास सांगितले. पंतप्रधानांनी राजीनामा दिला. नव्या प्रजासत्ताकात पहिला राष्ट्रपती कोण, यापेक्षा तो आपली मर्यादा कुठे मानतो, हा प्रश्न मोठा असतो. दिल्लीतही तोच होता, काठमांडूतही तोच.

कारंजाचे मत रायसीना टेकडीवर कसे पोचते?

कारंजा तालुका आर्वी विधानसभा मतदारसंघात येतो. आपण निवडलेला आमदार राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मत देतो. त्या एका मताचे मूल्य 175 आहे. हिशेब सोपा आहे : 1971 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या 5,04,12,235. तिला निवडून आलेल्या 288 आमदारांनी भागायचे आणि पुन्हा 1,000 ने भागायचे. उत्तर 175. राज्यातल्या सर्व आमदारांचे मिळून 50,400. वर्ध्याचा खासदारही मत देतो. खासदाराच्या मताचे मूल्य 2022 च्या निवडणुकीत 700 होते.

मतदान गुप्त असते आणि पक्षाचा व्हिप लागू होत नाही. मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहायचा असतो. म्हणून आपल्या आमदाराला विचारायचा एक प्रश्न असाही असू शकतो : राष्ट्रपती निवडताना तुम्ही काय पाहणार? 2007 मध्ये पहिल्या महिला राष्ट्रपती झालेल्या प्रतिभा पाटील 1991 मध्ये नदीपलीकडच्या अमरावतीतून लोकसभेवर गेल्या होत्या. 2022 मध्ये द्रौपदी मुर्मू या पहिल्या आदिवासी राष्ट्रपती झाल्या. ही यादी आपोआप बदलत नाही, खालचे मत बदलले की वरची यादी बदलते.

राजाच्या डोक्याऐवजी सारनाथचे सिंह

राजा गेल्यावर त्याच्या खुणांच्या जागी काय आले? सारनाथचा अशोकस्तंभशीर्ष 26 जानेवारी 1950 ला राजमुद्रा झाला. 15 ऑगस्ट 1950 पासून नाण्यांवर जॉर्जच्या डोक्याऐवजी तेच सिंह आले. राष्ट्रपतीच्या पहिल्या ध्वजावर, जो 1971 पर्यंत वापरात होता, अशोकस्तंभाबरोबर अजिंठ्याच्या चित्रातला हत्ती आणि सारनाथचा कमळकलश होता. ज्या दरबार हॉलमध्ये व्हाइसरॉयची सिंहासने असत, तिथे आज राष्ट्रपतीच्या खुर्चीमागे गुप्तकाळातली बुद्धमूर्ती उभी आहे. 2024 मध्ये त्या दालनाचे नाव 'गणतंत्र मंडप' झाले.

या खुणांचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्या कशाच्या खुणा आहेत हे विसरू नये. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की, भारताला संसदीय पद्धत नवी नाही. भिक्खू संघात बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे नियम होते. तथागतांनी आपल्यामागे गादीचा वारस नेमला नाही, धम्म हाच मार्गदर्शक ठेवला. वज्जींच्या गणराज्याबद्दलही त्यांनी आधी हेच विचारले, की ते वारंवार एकत्र जमतात का, एकोप्याने निर्णय घेतात का.

आपल्या घरचे प्रजासत्ताक

त्याच भाषणात बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, राजकारणातली भक्ती हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा मार्ग आहे. हा इशारा फक्त दिल्लीसाठी नव्हता. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे अध्यक्षपद खुद्द बाबासाहेबांकडे नव्हते, ते एन. शिवराज यांच्याकडे होते. 3 ऑक्टोबर 1957 ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला तेव्हा पहिले अध्यक्षही शिवराजच झाले. पक्षाच्या नावातच 'प्रजासत्ताक' होते. पुढे त्याच पक्षाचे किती गट झाले, आणि प्रत्येक गट एकेका नेत्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला, हे आपण जाणतोच.

म्हणून येत्या 26 जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर आपल्या गावच्या विहार समितीत, जयंती मंडळात, युवक संघटनेत चार प्रश्न विचारावेत. अध्यक्षाची मुदत किती? त्याला निवडले कोणी, आणि मतदार यादीत महिला आहेत का? वर्षाचा जमाखर्च सभेपुढे वाचला जातो का? अध्यक्ष चुकला तर त्याला काढण्याचा नियम कुठे लिहिला आहे?

कलम 56, 54 आणि 61 चा हाच गावपातळीवरचा अर्थ आहे. दिल्लीतले सिंहासन 1950 मध्ये मोडले. आपल्या मंडळातल्या खुर्चीचे सिंहासन झाले आहे का, हे तपासणे आपल्याच हातात आहे.

जय भीम! जय संविधान!